मोरपंखी साडीचा फॉल

माणूस गेला की त्याचे किस्से दारातल्या चपलांसारखे जमा होतात. जो येतो तो एक सोडून आत येतो! बाबा गेले तेव्हापासून मी चहाचा ट्रे घेऊन ते ऐकतेय. बाबांना शेंगाचटणी कशी आवडायची, कॅरम किती छान खेळायचे. पण बाबा सायकॉलॉजिस्ट होते, हे एकानेही तोंडातून काढलं नाही. एकानेही!

म्हणून खरे किस्से मी लिहिते. नावं टाकणार नाही. "राग आला की लिही, पण नाव टाकू नको," हे बाबांनीच शिकवलंय.

*

भवानी पेठेत आमचं घर. खाली आईचं फॉल-पिकोचं दुकान, वर बाबांची खोली, आणि खालच्या दारावर बाबांच्या नावाचा, सायकॉलॉजिस्ट लिहिलेला बोर्ड. बाबांकडे येणारे बहुतेक जण हातात साडीची पिशवी घेऊन यायचे. कुणी ओळखीचं दिसलंच तर सांगायला, "फॉल लावायला आलोय!" दाताच्या डॉक्टरकडे जाताना कुणी पिशवी नेतं का?

मंद्रूपचे एक काका दर गुरुवारी तीच मोरपंखी साडी आणायचे. दोन महिने ती साडी बघून बघून आईला राहवेना. तिने फॉल लावून टाकला. काका वरून उतरले, साडी उलटून पाहिली आणि रडकुंडीला आले.

"वहिनी, आता फुडच्या गुरुवारी मी काय आणू?"

आईने मुकाट्याने फॉल उसवून दिला.

*

बाबांचे मोठे भाऊ, आमचे दादाकाका, यांना बाबांच्या कामाची लाज वाटायची. एका लग्नात त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "हा माझा धाकटा भाऊ. फॉल-पिकोचं दुकान आहे."

पाहुणे खूश! दुसऱ्याच दिवशी त्यांनी चार साड्या पाठवल्या. बाबांनी आईला साड्यांना हात लावू दिला नाही. सगळा रविवार मशीनवर बसून चारही फॉल स्वतः लावले. चारही वाकडे!

दादाकाकांनी पुन्हा कुठे बाबांची ओळख करून दिली नाही.

*

माझ्या दोन्ही वेण्या रोज बाबाच घालायचे, त्याही थोड्या वाकड्याच. मी शाळेत फारशी बोलत नाही. पालकसभेत बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, तुम्ही लोकांना बोलतं करता आणि तुमचीच मुलगी मुकी!" सगळे हसले. माझे कान तापले.

"घरी बोलते की," बाबा म्हणाले. "तुमच्याबद्दल तर लई बोलते. सांगू का?"

बाईंनी घाईघाईने पुढच्या पालकांना बोलावलं!

*

एकदा नवी पेठेत शाळेचा युनिफॉर्म घ्यायला गेलो होतो. समोरून मंद्रूपचे काका आले, सोबत त्यांची बायको. आदल्याच दिवशी मी त्यांना वर पाणी नेऊन दिलं होतं, तेव्हा रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. आता बाबांना बघताच ते गर्रकन वळले आणि दुकानातल्या लहान मुलांच्या फ्रॉककडे टक लावून बघत बसले.

मी चिडले. "बाबा, ओळखसुद्धा दाखवली नाही!"

"अगं, आज बायकोसोबत बाजारात आलेत ते," बाबा म्हणाले. "चार महिने आपल्याकडे सोडून कुठंच जात नव्हते. फ्रॉक बघू दे की त्यांना!"

*

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी तेच काका भेटायला आले. दादाकाकांनी विचारलं, "तुमची ओळख कशी?"

"फॉल-पिकोला यायचो. तेवढीच."

त्यांच्यापुढे धरलेला चहाचा ट्रे मी मागे घेतला. तेवढीच?

काका गेल्यावर दादाकाका आईला म्हणाले, "बघितलंस? लोकांना दुकानच माहीत आहे. तो बोर्ड आता काढू या. उद्या पोरीला स्थळं येतील, लोक काय म्हणतील?"

दुपारी दादाकाकांनी बाबांच्या नावाचा बोर्ड काढला आणि मशीनमागे भिंतीकडे तोंड करून ठेवला. मला ओरडायचं होतं, राहू दे म्हणून. आवाज फुटला नाही. दादाकाकांचा राग आलाच, माझा जास्त आला.

*

तेराव्याला घर भरलं होतं. मंद्रूपचे काका पुन्हा आले, या वेळी बायकोला घेऊन. काकूंच्या अंगावर मोरपंखी साडी होती. त्या दारातच थांबल्या आणि वर बघून म्हणाल्या, "सायबांचा बोर्ड कुटं गेला?"

दादाकाका पुढे आले. "बसा ना. तुमचे मिस्टर फॉल-पिकोला यायचे ना इथं?"

"व्हय की. सात महिने आले," काकू म्हणाल्या. त्यांनी वाकून साडीची किनार उलटून सगळ्यांना दाखवली. "ही तीच साडी. बगा, कुटं हाय फॉल?"

काका जमिनीकडे बघत होते.

मी मशीनमागे गेले, बोर्ड ओढून काढला आणि ओढणीने पुसला. आईने स्टूल आणून दारात ठेवलं.

काकूंनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"चढा आता."