ताइफच्या डोंगरावरची कॅनडाची जीप

दम्मामच्या बस अड्ड्यावर मला पोचवायला कुणी आलं नाही. कॅम्पमधली निम्मी माणसं बॅगा बांधण्यात गुंतली होती आणि उरलेल्या निम्म्यांना मी वेडा झालोय असं वाटत होतं. आमची कंपनी लाल पट्ट्यात गेली होती. सौदीकरणाचा नियम असा, की परदेशी माणसांच्या प्रमाणात सौदी माणसं कामावर पाहिजेत. नसली तर कंपनी लाल, आणि लाल कंपनीतल्या माणसाचा इकामा (राहण्याचा परवाना) पुढे वाढत नाही. माझा दोन-अडीच महिन्यांत संपणार होता. सगळे म्हणाले, "हवालदार, खलास. घरी चला." घरी जायला माझी ना नव्हती. पण कुणी दार दाखवलं म्हणून जायचं, हे काही पटेना. फौजेत एकोणीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, तिथून निघालो तो गळ्यात हार घालून निघालो. इथून मान खाली घालून निघणं मला जमणारं नव्हतं.

त्यातच दाऊदचा फोन आला. दाऊद मुकादम श्रीवर्धनचा, पत्रा ठोकण्यात आणि रंगकामात पक्का. दम्मामच्या कॅम्पमध्ये आम्ही एका खोलीत राहिलो होतो. नंतर तो ताइफला गेला. तिथल्या अबू नासिर नावाच्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानं कॅनडाच्या सैन्यातली जुनी जीप विकत घेतली होती. ती मुळात होती तशी करायची होती, रंगापासून बाजूला बांधायच्या फावड्यापर्यंत. दाऊद म्हणाला, "ये तू. जीप जमली तर म्हातारा गॅरेज उघडतोय. तुझी नकल कफाला (एका मालकाकडून दुसऱ्याकडे बदली) करून घेईल." मी तिकीट काढलं.

रियाधपर्यंत खिडकीबाहेर पिवळी माती आणि विजेचे खांब. रियाधला माझ्या शेजारी पेशावरचा एक ट्रक ड्रायव्हर येऊन बसला. कुठे निघालात, असं त्यानं उर्दूत विचारलं. जीप बनवायला, म्हणालो. "इस उमर में?" तो म्हणाला. जीप माझ्यापेक्षा म्हातारी आहे, असं सांगितल्यावर तो हसला आणि स्वतःच्या डब्यातला पराठा मोडून त्यानं मला अर्धा दिला. त्यानंतर आम्ही दोघंही ताइफपर्यंत घोरत होतो.

सौदीत थंडी वाजेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. ताइफ डोंगरावर आहे. सकाळी बसमधून उतरलो तर दात वाजायला लागले, आणि माझ्याकडे होते दम्मामच्या उकाड्यातले अर्ध्या बाह्यांचे शर्ट. दाऊद स्वतःचा स्वेटर घेऊन उभा होता. "मला ठाऊक होता तू असाच येशील," म्हणाला. गुलाबाचा हंगाम होता. अबू नासिरचं गॅरेज म्हणजे त्याच्या गुलाबाच्या मळ्याशेजारची पत्र्याची शेड. पहाटे तोडलेल्या फुलांची पोती भिंतीला टेकून ठेवलेली आणि आत थिनरचा वास. हे दोन वास एकत्र मी आयुष्यात पहिल्यांदाच घेतले.

जीप पाहिली आणि जीव हळहळला. कोरियाच्या युद्धानंतरच्या काळात कॅनडात बांधलेली, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर सिनाईच्या वाळवंटात फिरलेली, मग या हातातून त्या हातात जात तबूकच्या एका शेतावर पाण्याची टाकी ओढत पडलेली. अंगावर भडक लाल रंग. इंजिन मात्र पहिल्याच दिवशी बोललं. अबू नासिर सत्तरीचा, दाढी पांढरी, आवाज अजून पोलिसातला. बाजारातली हिंदी आणि अरबी यांची मिसळ करून बोलायचा. त्याच्या मनात सोनेरी रंग होता.

"सोनेरी केली तर ती लग्नाची गाडी होईल," मी म्हणालो. "सैन्याची राहणार नाही."

दाऊदनं डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. मी काही गप्प राहिलो नाही. बॉनेटवर एका ठिकाणी पाण्याच्या पॉलिशपेपरनं हळूहळू घासायला लागलो. जुन्या गाडीचा रंग ओळखायची हीच रीत: घाई न करता एकेक थर उघडायचा. लाल गेला, खाली शांतिसेनेचा पांढरा लागला. पांढरा गेला, खाली गर्द हिरवा. अबू नासिर खाली वाकला. पांढऱ्याखाली आकड्यांच्या कडा बोटाला लागत होत्या, कॅनडातला मूळ नंबर. त्यानं पाण्यात बोट बुडवून त्या कडांवरून फिरवलं आणि सोनेरीचं नाव पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारची नमाज झाली की तोही पॉलिशपेपर घेऊन आमच्याबरोबर घासायला बसू लागला.

सामानासाठी आम्ही दोघं जेद्दाहच्या तशलीहला (भंगार गाड्यांच्या बाजाराला) निघालो. हदाच्या घाटात दाऊदनं चहासाठी गाडी थांबवली आणि मी सलीगचा (दुधात शिजवलेल्या भाताचा) डबा बॉनेटवर ठेवला. एक दांडगं माकड आलं, डबा उचलला, माझ्याकडे साहेबासारखं बघितलं आणि कठड्यावर बसून खायला लागलं. मी दगड उचलला, तर त्यानं दात दाखवले. मी दगड खाली ठेवला. दाऊद हसून हसून स्टिअरिंगवर आडवा पडला होता. घाट उतरल्यावर फाटा लागतो: सरळ रस्ता मक्केचा, तो मुसलमानांसाठीच, बाकीच्यांनी वळसा घालायचा. दाऊदनं गाडी वळशाच्या रस्त्याला घातली.

"तुला उगाच लांब पडलं," मी म्हणालो.

"सरळ रस्ता माझा कुठे जात नाय," तो म्हणाला. "तू बस गपचीप, आणि आता डबा मांडीवर ठेव."

तशलीहमध्ये दिवसभर उन्हात भाजून निघालो. दिव्यांच्या जाळ्या मिळाल्या, पेट्रोलच्या कॅनची चौकट मिळाली, आणि संध्याकाळी एका येमेनी भंगारवाल्याच्या ढिगातून एक बुटकं लष्करी फावडं निघालं. जीपच्या कुशीतल्या पट्ट्यात ते बसेल हे बघताक्षणी कळलं.

काम असं पुढे सरकत होतं, पण माझा इकामा काही थांबून राहिला नव्हता. गॅरेजचा परवाना अबू नासिरनं काढला होता. अडत होतं एकाच गोष्टीवर. निदान एक सौदी माणूस तिथे कामाला लागल्याशिवाय परदेशी माणूस घेता येत नव्हता. त्याचा थोरला मुलगा बँकेत. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, बाबा, लोक काय म्हणतील? धाकट्यानं फोनच उचलला नाही. एक पुतण्या रिकामा होता. तो मजलिसमध्ये (बैठकीच्या खोलीत) आमच्यासमोर बसून शांतपणे म्हणाला, "काका, माझं लग्न व्हायचंय अजून. नावापुढे मेकॅनिक लागला तर मुलगी कोण देईल?" आमच्या साताऱ्याकडेही लोक असंच बोलतात, फक्त अरबीत बोलत नाहीत. मला राग आला तो त्याचा नव्हे, मेकॅनिक या शब्दाला जी किंमत त्या खोलीत होती तिचा. ज्या हातांनी मी घर बांधलं, पोरींची लग्नं केली, ते हात त्या दिवशी मी चहाच्या पेल्याखाली लपवले, आणि लपवले म्हणून स्वतःवरच चिडलो.

दाऊदचा हिरवा रंग आरशासारखा बसला होता. खरं तर सैन्याच्या गाडीला चमक नसते, म्हणून मग त्यानं तो मंद केला. आकडे मात्र मी लिहायचं ठरलं. फौजेत गाड्यांचे नंबर मीच घालायचो. मूळ नंबराचा ठसा आम्ही बटरपेपरवर घेतला होता. तो लावून पांढऱ्या रंगात एकेक आकडा काढला. दोन्ही बाजूंना कॅनडाची खूण, मेपलचं पान, काढलं. सगळं संपल्यावर लांब उभा राहून पाहिलं आणि छाती भरून आली.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. अबू नासिरच्या ओळखीचा, जेद्दाहमध्ये नोकरी करणारा कॅनडाचा अभियंता. त्याचे वडील तरुणपणी सिनाईत अशाच जीपमधून हिंडले होते. तो गाडीभोवती हळूहळू फिरला. दिव्यांच्या जाळ्यांना हात लावला. पट्ट्यातून फावडं काढून उलटं धरलं, दांडीजवळ अंगठा फिरवला आणि आम्हाला बोलावलं. लोखंडावर छोटासा शिक्का होता: इंग्रजी सी अक्षर आणि त्याच्या पोटात बाण. ही कॅनडाच्या सैन्याची खूण, तो म्हणाला, म्हणजे हे फावडं अस्सल आहे. दाऊदनं माझ्या पाठीत थाप मारली. मग पाहुणा बॉनेटपाशी आला आणि थांबला.

"नंबर बरोबर आहे," तो म्हणाला. "पण त्याच्या आधी हा बाण का? हा आमचा नाही."

मी पाहिलं. नंबराच्या डाव्या बाजूला, वर टोक करून, नीटनेटका पांढरा बाण. बटरपेपरवर तो नव्हता. माझ्या हातानं तो घातला होता. आपल्या फौजेच्या प्रत्येक गाडीचा नंबर बाणानं सुरू होतो, आणि इतकी वर्षं मी बाण काढल्याशिवाय पहिला आकडा कधी काढलाच नव्हता. कॅनडाच्या जीपवर मी भारतीय फौजेची खूण घालून मोकळा झालो होतो आणि वर छाती फुगवून बघत उभा होतो.

अबू नासिरनं विचारलं काय झालं. दाऊदनं सांगितलं. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "मालेश (राहू दे). कोण बघतो? चांगला दिसतो."

पाहुणाही म्हणाला, दिसायला छान आहे, राहू द्या. बदलीचा सगळा खेळ या एका गाडीवर होता आणि मालक स्वतः राहू दे म्हणत होता. पण मला त्या बाणाकडे बघवेना. तो मला कितीही प्यारा असला तरी त्या गाडीचा नव्हता. मी फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि पुसायला घेतलं. बाण गेला, त्याच्याबरोबर खालचा हिरवाही गेला आणि पत्रा उघडा पडला.

"हवालदार, माझा रंग," दाऊद कळवळून म्हणाला.

"तुझा रंग तू परत मार. माझी चूक मी काढली."

दाऊदनं मला दोन शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही, आणि रंगाची बंदूक आणायला आत गेला. पाहुणा हसत होता. अबू नासिर मात्र त्या उघड्या पत्र्याकडे बघत राहिला. मला वाटलं, झालं, बदली गेली. पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर म्हातारा माझ्यापाशी आला.

"उद्या मकतबला (कचेरीत) जायचं. सौदी माणूस मिळाला."

"कोण?"

त्यानं थोबची (पायघोळ अंगरख्याची) बाही वर सरकवली. नखांत लाल, पांढरा, हिरवा, तिन्ही रंग अडकलेले. "हा," तो म्हणाला. "पोरांना लाज वाटते. तुझ्याबरोबर घासायला बसलो, मला नाही वाटली."

कचेरीतल्या खिडकीवर एक तरुण कारकून होता. त्यानं म्हाताऱ्याला उठून सलाम केला आणि आदरानं विचारलं, "काका, पेशा काय लिहू? गॅरेजचे मालक?"

"मेकॅनिक," अबू नासिर म्हणाला.

कारकुनानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाऊदकडे. मग लिहिलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थिनरमुळे आलं असं मी दाऊदला सांगितलं.

सामान आणायला दम्मामला परत निघालो तेव्हा गुलाबाची तोडणी संपत आली होती. रियाधच्या अलीकडे बस जेवणासाठी थांबली, तिथून घरी फोन लावला. सुशीलाला सगळं सांगितलं: फावडं, बाण, म्हातारा, कचेरी. शेवटी म्हणालो, बदली होतेय, आता मी राहू शकतो.  

मग ती म्हणाली, "आता तुम्हाला तिथून कुणी घालवत नाही ना?"

"नाही."

"खात्रीनं?"

"खात्रीनं."

"मग हातातलं काम पुरं करा," ती म्हणाली, "आणि या घरी. आता आलात तर कुणी घालवलं म्हणून आलात असं व्हायचं नाही."

बसचा हॉर्न वाजत होता. इतके दिवस मी राहण्यासाठी भांडलो असं मला वाटत होतं. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, की मी परत येण्यासाठीच भांडत होतो. येतो, म्हणालो, आणि बसमध्ये जाऊन बसलो.