तीन पाण्यांत धुतलेला मोझुकू

तेवीस वर्षं मी सेइजुनच्या दोरीचं वरचं टोक धरून होडीत बसलो. तो खाली, मी वर. मोझुकूचं काम असंच असतं. समुद्राच्या तळाला अंथरलेल्या जाळ्यांवर हे शेवयांसारखं तपकिरी, बुळबुळीत शेवाळ वाढतं. एकाने हवेची नळी तोंडात धरून पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्या जाड नळीने ते खेचायचं, दुसऱ्याने होडीत बसून त्यातला कचरा वेचायचा. दिवसाचे पाच-सहा तास. या वेळात बोलणं फक्त दोरीने. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर ये. खरं सांगायचं तर वर आल्यावरही तो याहून फारसं बोलत नसे.

शिंझातो सेइजुनने लग्न केलं नाही. आई गेल्यावर घरात तो आणि पूर्वजांच्या नावांच्या पाट्या एवढेच उरले. रोज सकाळी तो पाट्यांपुढे चहा ठेवी आणि संध्याकाळी तोच गार चहा स्वतः पिई. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, एखाद्या जिवंत माणसाबरोबरही चहा पी की!"

"बघू," तो म्हणाला. या 'बघू'नेच त्याचं वाटोळं केलं.

दर वसंतात टेकडीवरच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला एक पेटी मोझुकू लागे. ती तो स्वतः नेई. माझा ट्रक, त्याची पेटी. मी दारासमोर ट्रकमध्येच बसे, म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. वर्षभर एकच सदरा घालणारा माणूस त्या दिवशी इस्त्री करून येई. दार उघडायची शिमोजी काझुए. पन्नाशी उलटलेली, दूरच्या मियाको बेटावरची, प्रयोगशाळेतली हरकामी बाई म्हणा ना. शेवाळ कापणं, सुकवणं, त्यातली साखर काढणं सगळं तिच्याकडे.

"एवढं शेवाळ घेऊन करता काय तुम्ही?" सेइजुनने पहिल्या वर्षी विचारलं होतं. हा प्रश्न त्याने बहुधा महिनाभर घोकला असावा.

"याच्या बुळबुळीत रसात साखर असते, सेइजुन-सान. गोड नाही लागत ती. लांबच लांब, फांद्या फुटलेली. कॅन्सरच्या पेशीला बाहेरून निरोप येत असतो, वाढ, वाढ म्हणून. ही साखर त्या पेशीच्या दारात ठाण मांडून बसते. निरोप्याला आत जाताच येत नाही."

"म्हणजे आमची मावशी," सेइजुन म्हणाला. "ती दारात बसली की पोस्टमनसुद्धा मागे फिरायचा."

काझुए खळखळून हसली. मग म्हणाली, "पण हे सगळं ताटलीतल्या पेशींवर हं. माणसांचं अजून कुणाला माहीत नाही." मला ट्रकपर्यंत ते हसू ऐकू आलं. त्या हसण्यावर गडी पुढचे अकरा महिने काढी.

असं सहा वर्षं चाललं. सातव्या वर्षी तिने पेटीतून चिमूटभर मोझुकू उचलून तोंडात टाकला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अगं आई गं, किती खारट!"

गंमत म्हणून बोलली बिचारी. पण आमच्याकडे पाहुण्याला खारट मोझुकू वाढणं म्हणजे घराची अब्रू घालवणं. सेइजुनची आई गोड्या पाण्यात तीन वेळा भिजवून, तीनदा पाणी बदलून मगच वाढायची. आठव्या वर्षी सेइजुनने तेच केलं. अख्खी पेटी मागच्या नळाखाली तीन पाण्यांत धुतली, निथळली, बर्फात ठेवली आणि नेऊन दिली. मला बोलला नाही, तिलाही बोलला नाही. मनातल्या गोष्टीचा ताकास तूर लागू देईल तर शपथ!

नवव्या वर्षी मार्चमध्ये पहिलं पीक निघालं, तेव्हा आम्ही पुन्हा तिच्या दारात. या खेपेला काझुए हसली नाही.

"ही माझी शेवटची पेटी असेल कदाचित," ती म्हणाली. "माझा करार महिनाअखेर संपतोय. वर्षभर एक प्रयोग धड झाला नाही. साखर निम्मीही निघत नाही, निघते ती तुटकी. कागदावर काळी पट्टी उमटली की समजायचं, निरोप पेशीत पोचला. आधी ती पट्टी पुसट यायची. आता दर वेळी ठसठशीत काळी. आमचे प्रमुख, सेन्सेई, म्हणतात, माझ्या हातातलं कसब गेलं."

"साखर जाते कुठे?" सेइजुनने विचारलं.

"तेच तर कळत नाही. गोडं पाणी लागलं तर विरघळून जाते. पण समुद्रातून थेट आलेल्याला गोडं पाणी लावणार कोण?"

सेइजुन पेटी घेऊन तसाच मागे फिरला. ट्रकमध्ये बसला, मांडीवर पेटी. अर्ध्या वाटेत म्हणाला, "तोकू, मी लावलं." मग त्याने सगळं सांगितलं; मांडीवरची पेटीही तशीच धुतलेली होती. मी त्याला शिव्या घातल्या.

"जाऊन सांग तिला!"

"का धुतलं विचारतील."

"मग सांग की का धुतलं!"

दुसऱ्या दिवशी सेइजुन खाली उतरला तो वरच येईना. नळीतून शेवाळही येत नव्हतं. मी दोन हिसके दिले. खालून एक आला. पुन्हा दोन दिले, पुन्हा एक. तासाभराने वर आला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "ट्रक काढ."

या वेळी मीही आत गेलो. सेन्सेई, चार विद्यार्थी, काझुए. सेइजुनने कमरेत वाकून सांगितलं, "गेल्या वर्षीची पेटी मी गोड्या पाण्यात धुतली होती. तीन वेळा. यांच्या हाताचा दोष नाही."

"तीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस असं का करेल?" सेन्सेईंनी विचारलं.

सेइजुनचे कान लाल झाले. "यांना... खारट लागू नये म्हणून."

विद्यार्थी फिस्सकन हसले. काझुए हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि हा गाढव जमिनीकडे.

ताजा, न धुतलेला मोझुकू दिला. दोन आठवड्यांत काळी पट्टी पुसट झाली. काझुएचा करार वाढला. आणि सेन्सेईंनी नियम केला, की यापुढे पेटी बंदरावरच समुद्राच्या पाण्यात सीलबंद होईल आणि मच्छीमार सोसायटीच्या गाडीने येईल. मध्ये कुणाचा हात नको. नियम चांगलाच होता. सेइजुनने मान डोलावली आणि इस्त्रीचा सदरा कपाटात गेला.

पुढच्या वसंतात रिकामी पेटी परत आली, त्यात एक चिठ्ठी होती. "मला खारटच आवडतो. कधीतरी तुम्ही येऊन पेटी द्या, चहा घेऊ." मी वाचून नाचायचाच राहिलो होतो. "अरे, अर्ध्या तासाचा रस्ता! आत्ता चल."

"पीक निघू दे. बघू," तो म्हणाला. चिठ्ठी त्याने पाट्यांशेजारी ठेवली.

पीक निघालं. पुढचंही निघालं. तिसऱ्या वर्षी पेटी परत घेऊन आलेला सोसायटीचा ड्रायव्हर सहज बोलून गेला, की ती शेवाळवाली बाई निवृत्त झाली, मियाकोला बहिणीकडे गेली कायमची.

सेइजुनने ऐकलं, बुडी मारायचा मुखवटा चढवला आणि पाण्यात उतरला. मी बराच वेळ थांबलो. मग दोन हिसके दिले.

खालून एक आला.

मला त्या दिवशी पाण्यात उडी मारून त्याला केसांना धरून वर काढावंसं वाटलं. पण मी दोरी धरून बसून राहिलो. नळीतून शेवाळ येऊ लागलं, आणि मी कचरा वेचायला घेतला.