पूर्वापार म्हणजे कधीपासून

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. वेलांट्या चुकतील, आणि अक्षर तर मलाच पुन्हा वाचताना लागत नाही. ही वही कधी कुणाच्या हाती पडली तर त्याने सांभाळून घ्यावं. तात्यांबद्दल गावात दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहिते.

तात्या आमच्याकडच्या कालव्याच्या फाट्याचे जुने पाटकरी. कालव्याचं पाणी आलं की चावी फिरवून दारं वर-खाली करायची आणि ज्याच्या त्याच्या पाळीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी एक खोड गेली नाही. कुठल्याही बातमीत ‘पूर्वापार’ असा शब्द आला की ते हात वर करत. “थांब. पूर्वापार म्हंजी कवापास्नं?”

मी तेव्हा कळंबच्या रस्त्याला बापूरावांच्या शेडमध्ये पेरू भरायला जात होते. क्रेटच्या तळाला रद्दीचा कागद अंथरायचा आणि त्यावर पेरू लावायचे. बापूराव खुर्चीत बसून मोबाइलवर बातम्या लावत. कुठल्या गावाचं जुनं नाव काय, जत्रेत पहिला मान कुणाचा, यावर तिथे चार माणसं भांडत असायची. तात्या दारातूनच विचारायचे, “ह्यो मान दिला कुनी? कवा दिला? त्याच्या आदी कुनाचा हुता?”

“तात्या, येवढी मोठी मानसं सांगत्यात!” बापूराव वैतागायचे.

“मोठी हायत म्हनूनच इचारतो. बारक्याला खोटं बोलून काय मिळतंय?”

आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो. पण मला तात्यांचा संशय यायचा. ते रोज शेडवर येत ते बातम्या ऐकायला नाही, रद्दी चाळायला. अंथुर्ण्याकडचं एक बंद पडलेलं वाचनालय मोकळं झालं होतं आणि तिथले जुने गठ्ठे बापूरावांनी किलोवर आणले होते. तात्या गठ्ठा सोडत, वरची तारीख बघत आणि फक्त उन्हाळ्यातले पेपर बाजूला काढत. पावसाळ्यातले परत ठेवत. माझ्याशेजारी बसणारी शांताबाई एकदा म्हणालीही, “तात्या, वाचताय का काय लपवताय?” तात्या हसले नाहीत. गठ्ठा तसाच सोडून निघून गेले.

त्याच महिन्यात बातमी आली की फाट्याच्या पाण्याच्या पाळ्या नव्याने ठरणार आहेत. बातमीत गावच्या जाणत्यांचं म्हणणं छापलं होतं: शेपटाकडच्या, म्हणजे फाट्याच्या अगदी शेवटच्या रानांना पूर्वापार कालव्याचं पाणी नव्हतं, तेव्हा त्यांचा हक्क बसत नाही. बापूरावांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. त्यांचं रान फाट्याच्या तोंडाला आहे. आमचं शेपटाला. आमच्या पेरूच्या बागेला एका बोअरचा आधार, तोही माघापासून गुळण्या टाकत थांबून थांबून चालतो. आता पाळ्यांच्या नवीन यादीत नाव चढलं नाही तर बाग काढावीच लागणार होती. तात्या त्या दिवशी दारातच होते. त्यांनी हात वर केला नाही. तेव्हा माझा संशय पक्का झाला.

पुढच्या आठवड्यात क्रेटमध्ये कागद अंथरताना आमच्या फाट्याचं नाव दिसलं. अक्षरं जुळवत वाचलं. टंचाईमुळे शेपटाकडच्या रानांचं पाणी या एका पाळीपुरतं बंद ठेवलं आहे, पुढच्या पाळीला सुरू होईल. मी तो कागद घडी करून कमरेला खोचला. पाच वाजता तात्या परत निघाले, तेव्हा त्यांना रस्त्यात गाठलं. माणसांशी बोलताना माझी जीभ वळत नाही, पण त्या दिवशी वळली.

“तात्या, ह्या साली शेपटाचं दार खाली कुनी पाडलं?”

त्यांनी कागद लांब धरून वाचला. “म्या पाडलं, सुमन. कालव्याचं साहेब तोंडी म्हनलं, एक पाळी. पुढच्या पाळीला इचारायला गेलो तर साहेबाची बदली झाल्याली. वरच्या रानांना पानी गोड लागलं हुतं. कुनी काय बोललं न्हाय. मग म्या बी इचारलं न्हाय.”

“आन ह्यो कागद तुमी फाडायला धुंडत हुता व्हय?”

“आदी फाडायलाच.”

“आन आता?”

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. “आता तू ठेव. माझ्याकडं देऊ नगंस. घरी जाईस्तवर माझं मन फिरंल.”

ग्रामसभेत मी कोपऱ्यात बसले होते. तात्या उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की दार आपणच पाडलं, एका पाळीसाठी, आणि उघडायचं राहिलं. मी पुढे जाऊन कागद ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवला. 

“तात्या, तवा तर तुमी गप बसला,” बापूराव म्हणाले.

“व्हय. म्हनून तर तुमाला आज पूर्वापार म्हनता आलं.”

दुसऱ्या दिवसापासून मला शेडवर काम नव्हतं. तात्यांना वरच्या आळीत कुणी राम राम घालेना, आणि आमच्या शेपटाकडची माणसंही इतक्या वर्षांच्या वाळलेल्या पिकांचा हिशोब त्यांच्याच नावावर मांडू लागली. त्यांची लेक त्यांना बारामतीला घेऊन गेली. नव्या यादीत आमची रानं चढली ते त्यांना इथे राहून बघता आलं नाही.

पहिली पाळी सुटल्याचं कळलं तशी मी पेरू घेऊन बारामतीला गेले. तात्या अंथरुणाला खिळले होते.

“तात्या, पानी सुटलं. दार पुरं उघडलंय.”

“तू बघितलंस का ऐकलंस?”

मी ऐकलंच होतं. त्यांनी पेरूला हात लावला नाही. “मग बघून ये.”

परत येऊन तशीच फाट्यावर गेले. दार खरंच पूर्ण वर होतं. पाणी आमच्या बांधाला लागून पुढे चाललं होतं. मी तात्यांच्या लेकीला फोन लावला आणि म्हटलं, तात्यांना सांग, मी स्वतः उभी राहून बघितलं. तिने ते तात्यांना जाऊन सांगितलं. मग लेक म्हणाली, “सुमनताई, तात्या म्हंत्यात, उद्या बी जाऊन बघ.”

तात्या चार दिवसांनी गेले. पाळी चालू असते तेव्हा मी रोज सकाळी फाट्यावर जाते.