हरल्यावरचं जेवण

“आधी जेवा, मगे काय तां भांडा,” असं म्हणून काकी कालवणाची पळी टोपाच्या काठावर आपटायची आणि आम्ही सगळे गप्प बसायचो. गप्प म्हणजे किती वेळ? पहिला भात संपेपर्यंत. त्यानंतर लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत जो गोंधळ सुरू व्हायचा, तो ऐकून खालचा पानवाला समजून जायचा, की आज आमच्या मिलची टीम हरली.

काकी नेमकी कोणाची काकी, हे मला कधी कळलं नाही. मालवणकडची बाई, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मिलमधल्या कोकणी माणसांना जेवू घालून ती पोट भरायची. मी तेव्हा मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होतो, लग्न व्हायचं होतं, आणि भिंतीला टेकून बसायची एक जागा काकीने मला कायमची देऊन टाकली होती. कारकून भिंतीला टेकल्याशिवाय जेवत नाही, असा तिचा समज होता. तो खोटा नव्हता.

आता गंमत ऐका. काकीने फुटबॉलचा सामना जन्मात पाहिला नव्हता. तिला तो खेळ ठाऊक होता तो फक्त आमच्या भांडणांतून. आणि आम्ही भांडायचो कधी, तर हरल्यावर. जिंकलो की पोरं भराभर जेवून नाक्यावर पान खायला पळायची, खेळाचा विषयसुद्धा निघायचा नाही. त्यामुळे काकीची पक्की समजूत अशी झाली होती, की फुटबॉल या खेळात माणूस नेहमी हरतोच. एकदा तिने मला अगदी काळजीने विचारलंही, की अरे, एवढ्या हौसेने मार खायला जाता कशाला? घरी निजून राहावं एखाद्या रविवारी.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, हरताळ. सभा ऐकून ऐकून आमच्यातला प्रत्येक जण वक्ता झाला होता. साधं मीठ मागायचं तरी लोक हात वर करून मागायचे. मग फुटबॉलवर बोलताना काय होत असेल, तुम्हीच बघा. कोणी म्हणायचं, अनवाणी खेळणं सोडा, बूट घाला. कोणी म्हणायचं, सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बॅक करा, मोठ्या टीम आता असंच खेळतात. आमचा दत्तू, जो राइट विंगला खेळायचा, तो ताटाच्या कडेला बांगड्याचे काटे मांडून दाखवायचा, की हा मी, हा त्यांचा बॅक, आणि इथून मी असा सुटलो. काकी त्यातला एखादा काटा उचलून ‘ह्यो कोण?’ म्हणून विचारायची आणि उत्तर ऐकून जिथल्या तिथे ठेवायची.

या चर्चेला थोडी किंमतही होती. टीमचा कारभार बघणारे वीव्हिंग मास्तर स्वतः मैदानावर क्वचित यायचे. सोमवारी सकाळी ते मला बोलावून विचारायचे, काय म्हणतायत लोक? खाणावळीत जे ठरायचं ते मी सांगायचो, आणि बरेचदा तेच व्हायचं.

त्या रविवारी आम्ही परळच्या मैदानावर शेजारच्या मिलकडून हरलो. नुसते हरलो नाही, तीन गोल खाल्ले आणि एकही केला नाही. टीममधली चिखलात माखलेली कोकणी पोरं आणि घसा बसलेले आम्ही, सगळे काकीकडे येऊन बसलो. पहिला भात कसाबसा गिळला आणि एकच आवाज उठला, की मारुतीला काढा. सेंटर फॉरवर्ड म्हणे! अख्ख्या सामन्यात एकदा तरी गोलावर मारलान का? उद्या मास्तरांना सांगून टाका. माझ्याकडे बघून सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली.

मारुती साताऱ्याकडचा. नुसता बदली कामगार, म्हणजे कोणी रजेवर गेला तरच त्याला मागावर उभं राहायला मिळायचं. मिलच्या गेटातून तो आत आला होता तो फुटबॉल खेळतो म्हणून. टीममधून काढला, की त्याची बदलीही गेली, आणि तो गावाला परत. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पण तीन गोलांचा राग मोठा होता.

काकी भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिने विचारलं, हा मारुती कोण? मी त्याला कधी बघितला कसा नाही? दत्तूने सांगितलं, की तो कसा दिसणार, तो घाटावरच्या लोकांत, पलीकडच्या चाळीत आक्काच्या खाणावळीत जेवतो. आणि मग बोलण्याच्या भरात तो हेही सांगून गेला, की दुसऱ्या हाफमध्ये तर मारुती गोलासमोर एकटाच उभा होता, अंगावर कोणी नाही.

“मोकळो उभो होतो, मगे तेका कित्याक नाय दिलंस?” काकीने विचारलं.

दत्तूने काकीकडे असं पाहिलं, की जणू तिला खेळाचा साधा नियमही माहीत नाही. “काकी, तो तिकडे जेवतो,” तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. कारण खरंच तसं होतं हो! आमची कोकणची पोरं एकमेकांना बॉल द्यायची, घाटावरची पोरं एकमेकांना. हे कोणी ठरवलं नव्हतं, कोणाच्या मनातही नव्हतं. पायच तसे वळायचे. आम्ही बुटांवर भांडलो, तिसऱ्या बॅकवर भांडलो, मैदानावरच्या चिखलाला शिव्या घातल्या, पण ही एवढी गोष्ट आमच्या तोंडी कधी आली नव्हती.

काकी दुसरा भात वाढायला लागली. दत्तूच्या उजवीकडच्याला वाढला, डावीकडच्याला वाढला, समोरच्याला वाढला, आणि दत्तूला वगळून पुढे गेली. दत्तू रिकाम्या ताटाकडे बघत बसला. एवढा दांडगा गडी, पण कानापर्यंत लाल झाला. सगळी पंगत फिरून काकी परत त्याच्यापुढे आली.

“कसा वाटला?” तिने विचारलं, आणि त्याला बचकभर जास्त भात वाढला.

सोमवारी मास्तरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मारुतीबद्दल लोकांचं अजून ठरलेलं नाही, पुढचा सामना होऊ द्या. मास्तर म्हणाले, ठीक आहे, पण या वेळी तो चालला नाही, तर माझ्याकडे पुन्हा येऊ नका.

पुढचं सगळं काकीने ठरवलं. मारुती आणि टीममधले घाटावरचे आणखी चौघे, असे पाच जण तिला आठवडाभर तिच्या पंगतीला हवे होते. पण ते आक्काचे होते, आणि काकी-आक्कांचं बोलणं बंद होतं. कारण असं, की काही वर्षांपूर्वी आक्काचा एक जेवणारा तळलेल्या बांगड्याच्या वासावर काकीकडे निघून आला होता. तेव्हापासून दोघी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात शेजारी शेजारी चालायच्या, एकाच दमात घोषणा द्यायच्या, पण एकमेकींकडे बघायच्या नाहीत. म्हणजे सबंध महाराष्ट्र एक करायला निघालेल्या या बायका दोन चाळींमधलं गटार ओलांडत नव्हत्या.

काकीने ओलांडलं. मला बरोबर घेतलं, कारण तिला भीती वाटत होती, हे तिने जिना चढताना कबूल केलं. आक्का भाकऱ्या थापत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. काकीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, की तुझी माणसं मला नकोत, आठवड्याने परत पाठवते, पण त्या पोराची रोजी जातेय. आक्काने हातातली भाकरी तव्यावर टाकली.

“ने,” ती म्हणाली. “पण भाकरी माझ्या हातचीच खातील ती. तुझ्या भातानं पळायचं बळ यायचं न्हाई.”

काकीच्या स्वयंपाकाला असं बोललेलं तिने कोणाचं ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी घेतलं. भाकऱ्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन ती जिना उतरली, मला हातही लावू दिला नाही.

पहिले दोन दिवस ते पाच जण पाव्हण्यासारखे बसले. दत्तू आणि मारुती तर एकमेकांकडे पाठ करून जेवायचे. तिसऱ्या दिवशी मारुतीच्या घशात काटा अडकला. डोळ्यांत पाणी, तोंडातून शब्द नाही. दत्तूने कोरड्या भाताचा मोठा घास वळला आणि चक्क त्याच्या तोंडात कोंबला. काटा गेला. मग दत्तू त्याला बांगडा सोलायला शिकवत बसला आणि मारुती त्याला सांगत बसला, की तू बॉल उशिरा सोडतोस, तोवर मी दोन पावलं पुढे गेलेला असतो. दत्तू चिडला. दोघांचं कडाक्याचं वाजलं. काकीने त्या दिवशी पळी आपटली नाही, भांडू दिलं.

सामन्याला दोघी बायका आल्या. मैदानाच्या कडेला, पदर खोचून, शेजारी शेजारी उभ्या. एका बाजूने दत्तू सुटला, त्यांच्या बॅकला चुकवलं, आणि एरवी जो बॉल आमच्याच कोणाकडे मागे आला असता, तो त्याने सरळ आत मारुतीला दिला. मारुतीने थांबवलासुद्धा नाही. गोल! मी टोपी उडवली ती परत मिळालीच नाही. मला रडू आलं, हे सांगायला आता काही लाज वाटत नाही.

नंतर आणखी एक झाला. सगळा खेळ त्यांच्याच गोलासमोर चालला होता, आमचा गोली बिचारा दुसऱ्या टोकाला नुसता उभा होता. काकी मात्र खूश नव्हती. तिने मला बाजूला ओढलं आणि त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, “त्या गरिबाक कोणच देना नाय.” गोलीला बॉल न मिळणं ही चांगली गोष्ट आहे, हे तिला पटवून देताना माझी पुरेवाट झाली. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मारुतीची बदली टिकली, पुढे तो कायम झाला. मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी दोन्ही खाणावळींची मिळून पंगत चाळीच्या पटांगणात बसली.

त्यानंतर काही वर्षांनी काकीचे गुडघे गेले. तिचा पुतण्या गावाहून पत्रं पाठवत होता, शेवटी तिने खोली सोडली. तिला बोटीने मालवणला पोचवायला कोण जाणार, यावर आमच्या कोकणी मंडळींत चर्चा चालू होती. कोणाला रजा नव्हती, कोणाच्या घरी आजारपण होतं. चर्चा संपायच्या आत मारुती रजा मंजूर करवून, वळकटी घेऊन भाऊच्या धक्क्यावर हजर झाला. डोंगरातला माणूस, समुद्र त्याने लांबूनच पाहिलेला.

परत आल्यावर त्याने मला सगळं सांगितलं. बोट लागून तो रात्रभर ओकत होता आणि काकी मांडीवर त्याचं डोकं घेऊन बसली होती. पोचवायला कोण कोणाला चाललं होतं, देव जाणे! बंदरावर पुतण्या, सुना, शेजारीपाजारी जमले होते. हा उंच, पिवळा पडलेला, धड उभं राहता न येणारा माणूस तिचा हात धरून होडीतून उतरला, तेव्हा पुतण्याने विचारलं, की हा कोण? तुझा कोण लागतो?

“हो आमचो सेंटर फॉरवर्ड,” काकी म्हणाली.

नातं कोणाला कळलं नाही. पण पुतण्याने पुढे होऊन त्याची वळकटी घेतली, आणि घरी पोचल्यावर एका सुनेने आत जाऊन एक पाट जास्त मांडला.