गिलाव्यावरची काच

माझ्या लेकीच्या शाळेत डागडुजीला एक गवंडी येतात. सगळे त्यांना काचकाका म्हणतात. भिंतीला तडा दिसला की त्यावर बोटभर रुंद पातळ काचपट्टी आडवी चिकटवायची, कोपऱ्यात तारीख लिहायची आणि वाट पाहायची, ही त्यांची रीत. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. शाबूत राहिली, तर तडा जुना, झोपलेला.

"जगाच्या भिंती बघत हिंडता," काकू त्यांना टोमणा मारतात. "घरातला नळ महिनाभर गळतोय, त्यालाही लावा एक काच."

"त्याला काच कशाला? तू आहेस की सांगायला."

काकांच्या आजीने सात वर्षांची असताना इथला मोठा भूकंप पाहिला होता. 'पाहिला' असंच ती म्हणायची. भर दुपारी, कुणी दोन टोकं धरून चादर झटकावी तशी जमीन तिच्याकडे येताना दिसली. तळ्याचं पाणी काठ सोडून आत गेलं, काही विसरल्यासारखं थांबलं आणि परत आलं. हे सांगताना म्हातारी पाय जमिनीवरून उचलून खाटेवर घ्यायची म्हणे.

त्याआधी इथली जमीन हलल्याचं कुणाला आठवत नव्हतं, नंतरही मोठा धक्का आला नाही. त्यामुळे लोक ही गोष्ट हसण्यावारी नेतात. भूकंप व्हायचे ते पृथ्वीच्या कवचाच्या प्लेटांच्या कडांना. आपण मधोमध, कडा हजारो किलोमीटर लांब.

"जमिनीलाही जुनी दुखणी असतात, ताई," काका मला म्हणाले होते. "कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठे चिरलेली, वरून बुजलेली. लांबून हळूहळू दाब येत राहतो. मग कधीतरी तिथंच उसवतं."

"कधी?"

"दोनशे वर्षांनी. नाहीतर हा चहा संपायच्या आत." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अहो, घ्या ना. गार होतोय."

शाळेच्या खालच्या वर्गात त्याच भूकंपाचा तडा आहे. बारा वर्षांपूर्वी काकांनी त्यावर काच लावली. ती शाबूत आहे, एवढ्या एका भरवशावर वरच्या मजल्यावरचं वाचनालय भरत गेलं आणि खाली बत्तीस मुलं बसत आली. त्यांतली एक माझी. रोज सकाळी तिला सोडताना मी खिडकीतून काच बघून घ्यायचे. उन्हात ती थेंबासारखी चमकायची आणि मला वाटायचं, अख्खी शाळा, बाकं, पुस्तकं, मुलांच्या वेण्या, सगळं त्या थेंबाच्या आत तरंगतंय.

गेल्या महिन्यात वर्गासाठी जगाचा नवा नकाशा आला. प्लेटांच्या कडा लालभडक, आणि आपण फिक्या हिरव्या रंगात, जिथे काहीच नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खिळा ठोकायला काकांना बोलावलं. मधली सुट्टी होती. मी लेकीचा विसरलेला डबा घेऊन आले होते.

काकांनी काचेपासून हातभर अंतरावर खिळा धरला. एक ठोका मारला आणि थांबले. दुसरा मारला. भिंत रिकाम्या पिंपासारखी वाजली. हातोडी खाली ठेवून ते बोटांनी टकटक करत काचेपर्यंत गेले, तिच्या पलीकडे गेले. सगळीकडे तोच आवाज.

"बाई, गिलावा विटेपासून सुटलाय."

"मग सुट्टीत नवा करू या."

"तसं नाही. माझी काच गिलाव्यावर आहे. आत वीट हलली तरी हिला पत्ता लागायचा नाही. आधी वीट उघडी करून मग काच लावायची, इतकं साधं. मी घाई केली. बारा वर्षं तुम्हाला सांगत आलो, भिंत झोपलीय. मला ते ठाऊकच नव्हतं."

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. "उद्या पालकांची सभा आहे हो. काय सांगू त्यांना?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या वर्गातच, सगळ्या पालकांसमोर उभं राहून सांगितलं. एक गृहस्थ उसळले, "मग तुमच्या शब्दावर आता विश्वास कसा ठेवायचा?"

"नका ठेवू. गिलावा काढतो, डोळ्यांनी बघा."

सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी छिन्नी लावली. गिलाव्याचे पापुद्रे अगदी सहज, झोपेत कूस बदलावी तसे गळून पडले. धूळ बसल्यावर आम्ही दारातून पाहिलं. तड्यात चार बोटं मावली असती. जुन्या तड्याच्या कडा काळवंडलेल्या असतात. यातल्या काही विटा आतून ताज्या लाल होत्या. पुस्तकांच्या ओझ्यानं की जमिनीच्या बारीक हादऱ्यांनी, सांगता येईना. पण भिंत हलत होती, आणि मुलं तिला टेकून पाढे म्हणत होती.

मोठ्या बाईंनी पर्समधून वर्गाची किल्ली काढून काकांच्या हातावर ठेवली. "कुलूप तुम्हीच लावा. आणि काढायचं कधी, तेही तुम्हीच सांगा."

काका किल्लीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी बाकं बाहेर घ्या. एकेकानं या, आवाज न करता."

आम्ही बाकं अंगणात मांडली. लेकीचं बाक मी भिंतीपासून सगळ्यांपेक्षा चार पावलं लांब नेलं आणि ओशाळून काकांकडे पाहिलं.

"अजून थोडं, ताई," ते म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूनं बाक उचलायला आले.