लंकेच्या गाण्याची शेवटची ओळ

आमच्या बाबांनी एक चाल रेडिओवरून उचलली होती. भजनीबुवांनी चाल उचलण्यात आमच्याकडे कोणाला काही वावगं वाटत नाही. सिनेमाचं गाणं गाजलं की आठवड्याभरात त्यावर अभंग बसतो आणि म्हातारीकोतारी डोळे मिटून डोलतात. पण बाबांनी उचललेली चाल सिनेमाची नव्हती. सकाळी सिलोनचं हिंदी स्टेशन लावताना काटा जरा पुढे सरकला आणि लंकेच्या भाषेत गाणारा एक पुरुष सापडला. त्याचा एक शब्दही बाबांना कळला नाही, आणि कळायची त्यांना गरजही वाटली नाही.

तेव्हा आम्ही रोह्याजवळच्या गावात राहायचो. भात आणि त्यामागून वाल, एवढी आमची शेती. ते गाणं बहुतेक रविवारी लागायचं. बाबा पेटी पुढ्यात घेऊन बसायचे आणि मला रेडिओचा काटा धरायला लावायचे. ध्रुवपद मिळालं, अंतरा मिळाला. शेवटच्या ओळीला मात्र नेमकी खरखर सुरू व्हायची. ऊन चढलं की स्टेशन पळतं, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात आईने चुलीशी भांडं आपटलं तर तिच्यावर खेकसायचे, जसं काही स्टेशन तिनेच पळवलं. बरेच महिने हे चाललं आणि मग ते गाणं लागायचंच बंद झालं. शेवटी बाबांनी शेवटची ओळ स्वतः रचली.

पेणला माघी गणपतीत डबल बारी होती. म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसणार, एकाने गायचं आणि दुसऱ्याने तोडीस तोड उत्तर द्यायचं. बाबांनी त्या चालीत रामाचा अभंग म्हटला. समोरच्या बुवांनी लगेच टोपी उडवली की हे रोहेकर रामाला रावणाच्या चालीत आळवतात. मंडप हसून लोळला. बाबांनी पेटी न थांबवता सुनावलं, "रावन पन मोठा भगत व्हता, बुवा. तुमी नुसते बुवा." तेव्हापासून लोक तिला लंकेची चाल म्हणू लागले आणि दूरदूरच्या गावांतून बाबांना बोलावणी यायला लागली.

लोक वाहवा करायचे, बाबांचं समाधान नव्हतं. त्या गायकाचं त्यांनी मनाने एक चरित्रच रचलं होतं. त्याची नारळाची वाडी आहे, तोही बारीला बसतो आणि त्याचीही बायको चुलीशी भांडी आपटते. पण मधूनच पेटीवर ती शेवटची ओळ पुन्हा वाजवून बघायचे.

"सगला गाना त्याचा, शेपूट माजा," एकदा मला म्हणाले. "त्यानं शेवट कसा केला आसंल गो? मरायच्या आधी येकदा तरी ऐकाया मिलला पायजे."

पुढे मी लग्न होऊन रोह्यात आले आणि खाणावळ चालवू लागले. बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली, तेव्हा त्यांना माझ्याकडेच आणलं. चहा हवा का विचारलं की ते होकाराची मान हलवायचे. नको का विचारलं तरी तशीच मान हलवायचे. डॉक्टरांनाही त्यांना किती समजतं ते सांगता येईना. पेटी पुढ्यात ठेवली की मी भाता मारायचे आणि ते डाव्या हाताने लंकेची चाल वाजवायचे. शेवटच्या ओळीशी येऊन थांबायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. मला ते सोसवायचं नाही. ना गायकाचं नाव माहीत, ना गाण्याचा एक शब्द. मी कुठून आणणार होते ती ओळ?

नागोठण्याच्या कंपनीत मशिनरीच्या कामासाठी आलेला एक इंजिनिअर काही दिवस आमच्याकडे जेवायला यायचा. नारळाच्या कालवणावर तुटून पडायचा, तोडकंमोडकं हिंदी बोलायचा. तो लंकेचा आहे हे कळलं तशी मी हातातल्या डावासकट त्याच्यापुढे उभी राहिले आणि चाल गुणगुणले. त्याचा घास हातातच राहिला. हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं, म्हणाला. गाणारा आधी बंदरात कारकून होता, लग्नांतून गायचा. रेडिओवर गाजला, मग सिनेमात गायला, गिटार घेऊन गावोगाव हिंडला. म्हातारपणी त्याचा आवाज गेला. तरी लोक त्याला स्टेजवर खुर्चीत बसवायचे आणि त्याचीच गाणी त्याला म्हणून दाखवायचे. वारला तेव्हा रस्ते माणसांनी भरून गेले होते. नारळाची वाडी होती का, ते विचारायचं राहून गेलं.

तो अर्ध्या ताटावरून उठला आणि हात धुऊन बाबांच्या खाटेशी आला. मोबाईलवर गाणं लावलं. बाबांनी आवाज लगेच ओळखला. त्यांचा डावा हात गादीवर ठेका धरू लागला. ध्रुवपद झालं, अंतरा झाला आणि ती ओळ आली, जराही खरखर नाही, अगदी स्वच्छ. बाबांची ओळ हळूहळू खाली उतरत घरी यायची. ही वर चढली आणि तिथेच सुटली.

बाबांनी डावा पंजा उभा केला. बारीत मागचा कोरस चुकला की ते असाच पंजा उभा करायचे. इंजिनिअरने घाबरून गाणं बंद केलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी वाकून विचारलं, "बाबा, तुमची ओळ चुकली व्हती काय?"

त्यांनी मान हलवली.

"मंग त्याची चुकली?"

तशीच मान हलवली.

इतकी वर्षं त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते मिळून त्यांना काय झालं हे कळायला मला मार्ग नव्हता. रडू आलं, रागही आला, कोणावर ते ठाऊक नाही. पुन्हा लावू का, इंजिनिअरने विचारलं. बाबांनी मान हलवली, म्हणून त्याने लावलं. शेवटच्या ओळीला त्यांचा पंजा पुन्हा वर गेला.