बाण हाताच्या पुढे

या ग्रुपवर मी दीड-दोन वर्षं नुसता वाचतोय, आणि खरं सांगतो, हसायलाच वाचतोय. कुणाला विहिरीपाशी बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... मी बायकोला, मृणालला, वाचून दाखवायचो आणि दोघं पोट धरून हसायचो. माझं कामच मुळी मोजायचं. देवासच्या इंडस्ट्रियल एरियात गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. जे व्हर्नियरच्या मापात सापडत नाही ते नाहीच, असं मानणारा माणूस. आज तोच इथे लिहायला बसलाय, तर तुम्हीही हसून घ्या. शाळा सगळी हिंदीत झाली, त्यामुळे माझं शुद्धलेखन मृणालने तपासलंय.

नाना म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर. उभं आयुष्य धारला गेलं, लेथ मशीनवर काम केलं. आई गेल्यावर मी त्यांना देवासला आणलं. घर माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे, पण गुडघे गेलेले, त्यामुळे वर दर्शनाला जाणं नाही. ओळखीचं कुणी नाही. धारला बापूकाका, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, आणि नाना रोज चार वाजता ओट्यावर कॅरम खेळायचे. किती वर्षं, ते त्यांनाच माहीत. इथे चार वाजले की नाना खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि अंधार पडेपर्यंत बोलायचे नाहीत. जेवण अर्ध्यावर आलं होतं. एकदा म्हणाले, "सत्या, मला इथं करायला काही नाही रे." फार लागलं मला ते.

म्हणून हा सगळा खटाटोप. लॅपटॉपवर ऑनलाइन कॅरम लावून दिला, पण मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना सोंगट्या दिसेनात. बत्तीस इंची मॉनिटरची किंमत ऐकून मी दुकानाच्या पायरीवरूनच मागे फिरलो. शेवटी कुणी नाव ऐकलं नसेल अशा कंपनीचा बत्तीस इंची साधा टीव्ही आणला आणि एचडीएमआय वायरने लॅपटॉपला जोडला. ज्यांनी बजेट टीव्हीचा मॉनिटर केलाय त्यांना माहीत असेल – पहिले दोन दिवस सेटिंगशी मारामारी. चित्राच्या कडा कापल्या जातात, खालची पट्टी दिसतच नाही, अक्षरं फुगतात. स्क्रीन फिट करा, शार्पनेस शून्यावर आणा... ते सगळं केलं.

तरी नाना म्हणाले, "बाण मागं राहतो."

बाण म्हणजे माऊसचा कर्सर. हात हलवला की तो जरा थांबून हलायचा. याला लॅग म्हणतात, स्वस्त टीव्हीत असतोच. मी मोबाईलचा स्लो मोशन लावून हात आणि बाण एका फ्रेममध्ये घेतले आणि मोजलं. सेकंदाचा साधारण दहावा भाग. गेम मोड चालू केला, तो निम्म्यावर आला. नाना म्हणाले, "हां, आता चालेल."

आणि चाललं! तिकडे धारला काका मुलाच्या कॉम्प्युटरवर, इकडे नाना टीव्हीवर, आणि मध्ये फोन स्पीकरवर. नानांची एक खोड होती. नेम धरला की फटका मारण्याआधी हात दोनदा बारीक हलवायचे, जरासा डावीकडे, जरासा उजवीकडे. खऱ्या बोर्डवर स्ट्रायकर तसा हलवायचे, आता माऊस. बाणही टीव्हीवर तसाच दोनदा थरथरायचा. काका लहानपणासारखे ओरडायचे, "अरे मार की! शाळंची घंटा होईल!" नाना पुन्हा दोन पोळ्या खायला लागले. मृणाल म्हणाली, या साध्या टीव्हीनं घरात माणूस परत आणला.

साधारण दोन महिन्यांनी एका दुपारी नाना सहज म्हणाले, "सत्या, आता बाण पुढं जातो."

मला वाटलं डोळे. पण सवय जाते कुठे? मोबाईल लावला आणि मोजलं. बाण आधी हलत होता, हात नंतर. मला वाटलं क्लिप उलटी चाललीय. पुन्हा घेतली. अकरा वेळा घेतली. अर्धा सेकंद, प्रत्येक वेळी. मग लॅपटॉपचं झाकण पूर्ण उघडून दोन्ही पडदे शेजारी शेजारी बघितले. लॅपटॉपवर बाण हाताबरोबर होता. टीव्हीवर हाताच्या आधी.

जरा विचार करा. टीव्हीला वायरीतून जे येतं तेच तो दाखवणार. लॅपटॉपने अजून पाठवलंच नाही ते त्याच्याकडे आलं कुठून? मी वायर बदलली. पोर्ट बदलला. टीव्ही रीसेट केला. काही फरक नाही.

एक वही केली आणि रोज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी मोजायला लागलो. अर्ध्या सेकंदाचे दोन झाले, दोनाचे दहा, मग मिनिट. मी तो टीव्ही तेव्हाच बंद करायला हवा होता. नाही केला. नाना खूश होते हे कारण मी स्वतःला देत होतो, पण खरं कारण वेगळं होतं. मला पुढचा आकडा हवा होता. त्याची मला आज लाज वाटते.

नानांना यात काही विशेष वाटतच नव्हतं. "चांगला टीव्ही आहे. पुढचं दाखवतो," एवढंच म्हणायचे. टीव्हीवर काकांचा फटका आधी दिसायचा, मग नाना फोनवर चिडवायचे, "बापू, तुझी आता चुकणार." आणि चुकायची. काका वैतागायचे, "नाना, तोंड बंद ठेवून खेळ हं! नजर लावतोस!" मी एकदा विचारलं, नाना, तुम्ही नेम कसा धरता मग? म्हणाले, "मी कुठं धरतो? ते दाखवतं तसा हात फिरवतो. विचार करावा लागत नाही आता." दुपारचं लख्ख ऊन होतं घरात, तरी माझ्या अंगावर काटा आला.

मी एकदा मुद्दाम खोटं पाडायचा प्रयत्न केला. टीव्हीवर बाण वरच्या उजव्या कोपऱ्यात गेलेला बघितला आणि ठरवलं, दीड मिनिट (तेव्हा टीव्ही तेवढाच पुढे होता) माऊसला हातच लावायचा नाही. हात मांडीखाली घेऊन बसलो. शेवटच्या क्षणाला मृणालने टेबलावर चहाचा कप ठेवताना माऊस बाजूला सरकवला. लॅपटॉपवर बाण वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला. त्यानंतर मी असले प्रयोग केले नाहीत.

आता तो रविवार. सकाळी मोजलं तेव्हा वहीत सहा मिनिटं आणि काही सेकंद लिहिले होते. चार वाजता नाना बसले. फोनवर काका होते, मृणाल स्वयंपाकघरात, मी बाजूला पेपर वाचत. पंधरा-वीस मिनिटांनी नाना म्हणाले, "हे बघ रे, अडकलं."

टीव्हीवर बाण बोर्डच्या मधोमध उभा होता. नानांची पाळी होती, वरचं घड्याळ उलटं मोजत शून्यावर आलं. पाळी गेली. काका खेळले. पुन्हा नानांची पाळी, पुन्हा बाण जागचा हलला नाही. मग बापूकाका जिंकल्याची पाटी आली. लॅपटॉपवर मात्र डाव अर्ध्यावर होता आणि बाण नानांच्या हाताबरोबर व्यवस्थित फिरत होता.

बाण थांबला याचा अर्थ मला एकट्याला कळत होता. सहा मिनिटांनी नानांचा हात माऊसवर नसणार होता.

"नाना, उठा. शर्ट घाला."

"का?"

"दवाखान्यात जाऊन येऊ."

"कुणाला काय झालंय?"

"तुमचा बीपी दाखवायचाय. उठा ना."

फोनमधून काका हसले, "हरतोय म्हणून पळतोय! सत्या, उठवू नको त्याला!"

नाना म्हणाले, "एवढा डाव होऊ दे." मी खोटं बोललो, विनवलं, शेवटी ओरडलो. बापावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो असेन. समोरच्या घरातल्या राठौर भियाला (इकडे भैयाचं भियाच होतं) हाक मारली, "भिया, गाडी निकालो, जल्दी!" तो बिचारा बनियनवरच धावत आला. "क्या हुआ नानाजी को?" नाना म्हणाले, "मेरे को कुछ नहीं हुआ, इसको हुआ है." मी त्यांचा हात धरून माऊसवरून उचलला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाण थांबल्याला सहा मिनिटं झाली होती.

म्हणजे बाण थांबला तो मी नानांना उठवलं म्हणून. आणि मी उठवलं ते बाण थांबला म्हणून. हे तेव्हाच माझ्या डोक्यात आलं आणि गाडीत मला वेड्यासारखं हसू येत होतं. नानाही पुढच्या सीटवरून टोमणे मारत होते. एबी रोडवर, म्हणजे हायवेवर, आलो आणि ते गप्प झाले. मग छातीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "सत्या... खरंच रे."

दवाखान्याच्या दारात ते कोसळले. डॉक्टर नंतर म्हणाले, "दस मिनट और होते तो मुश्किल था. दर्द कब से था?"

"गाड़ी में शुरू हुआ."

"तो घर से क्यों निकले थे?"

"बीपी दिखाना था," मी तेच खोटं पुन्हा बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचे कपडे न्यायला मी घरी आलो. गडबडीत सगळं तसंच चालू राहिलं होतं. लॅपटॉप झोपलेला, त्याचा पडदा काळा. अशा वेळी टीव्हीवर 'नो सिग्नल' यायला हवं. टीव्हीवर कॅरमचा बोर्ड होता, आणि मधोमध बाण.

मी खुर्चीत बसलो आणि माऊस हलवला. लॅपटॉप जागा झाला, टीव्हीवर काही नाही. मोजायचं काय, आता माझ्याकडे पट्टीच उरली नव्हती. टीव्ही एका तासाने पुढे होता, दिवसाने की वर्षाने? तिकडे नाना आयसीयूत होते आणि इथे हा बाण मेल्यासारखा पडलेला. मी रडलो, ते लिहायला मला लाज वाटत नाही.

बंद करायला हात पुढे केला तेवढ्यात बोर्ड नवा मांडला गेला. बाण हलला. सावकाश खाली आला, नेम धरला, आणि थांबून दोनदा बारीक थरथरला. जरासा डावीकडे, जरासा उजवीकडे. मग फटका. दोन पांढऱ्या सोंगट्या, एकीमागोमाग एक, उजव्या कोपऱ्यात.

नाना होते. नाना परत या खुर्चीत बसणार होते!

आणि मी टीव्हीचा प्लग खेचून काढला. पुढे काय दिसेल याची भीती वाटली. तो डाव संपून बाण परत थांबला असता, तर?

नाना सातव्या दिवशी घरी आले. टीव्ही तोपर्यंत मी खोक्यात घालून माळ्यावर टाकला होता. नानांना सांगितलं, बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय. माझा हिशोब तुम्हाला कळला असेलच. तो एक डाव नानांना अजून खेळायचा आहे. टीव्ही माळ्यावर आहे तोवर तो डाव होणार नाही. आणि तो डाव होत नाही तोवर नानांना काही होऊ शकत नाही. तुम्ही म्हणाल, "हे तू बोलतोयस?" हो, मीच. व्हर्नियरवाला.

पण नाना पुन्हा चार वाजता खिडकीशी बसायला लागले. काकांचा फोन येतो, दोन वाक्यं बोलून ठेवतात. जेवण परत अर्ध्यावर आलंय. मी म्हटलं, नवा मॉनिटर आणतो, चांगला, कर्ज काढून आणतो. म्हणाले, "नको. तोच." रोज विचारतात, टीव्ही दुरुस्त झाला का. मी रोज म्हणतो, पार्ट येतोय. बापाला जिवंत ठेवायचं म्हणून तो ज्याच्यावर जगतो तेच मी काढून घेतलंय, हे मला कळतं. कळून उपयोग नाही.

आणि आज दुपारी जेवताना नाना म्हणाले, "सत्या, पार्ट-बिर्ट काही येत नाहीये. का लावत नाहीस ते मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"एक डाव राहिलाय माझा." ताटातला भात बोटांनी सारखा करत ते शांतपणे बोलत होते. "पहिल्याच फटक्याला दोन पांढऱ्या जातील. उजवीकडं."

त्या सकाळी घरात मी एकटा होतो. जे बघितलं ते मी कुणालाही, अगदी मृणाललाही, सांगितलं नव्हतं. हे लिहिलेलं तिने आत्ता तपासलं तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं. वाचून झाल्यावर ती आत जाऊन बसली.

याचा उलगडा मला झालेला नाही आणि कधी होईल असं वाटत नाही. तासाभरापूर्वी मी खोकं माळ्यावरून खाली काढलंय. टीव्ही टेबलावर आहे, वायर माझ्या हातात. नानांनी धुतलेला शर्ट घातलाय, फोन स्पीकरवर लावून ठेवलाय, आणि धारहून काका विचारतायत, "आला का रे तो टीव्ही?" लावू की नको, कुणाला काही सुचत असेल तर लगेच लिहा. चार वाजायला वीस मिनिटं आहेत.